पाचवा टप्पा राहिलेली स्वायत्तता

सात-बारा आपल्या नावावर आणि ताबा दुसऱ्याचा, ही अवस्था काय असते हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर ही अवस्था एका शेतकऱ्याची नाही, अख्ख्या मुलखाची आहे. मिस्किटो, मायांग्ना, रामा हे तिथले आदिवासी समाज. क्रिओल आणि गारिफुना हे आफ्रिकी वंशाचे समाज. त्यांच्या २३ प्रदेशांना सामूहिक मालकीचे पट्टे मिळालेले आहेत आणि देशाच्या एकूण भूमीचा साधारण तीस टक्के भाग त्या पट्ट्यांत येतो. १९८७ पासून किनाऱ्याला स्वायत्ततेचा कायदा आहे, दोन प्रादेशिक परिषदा आहेत, घटनेत कलमे आहेत. लॅटिन अमेरिकेतल्या आदिवासी हक्कांविषयी बोलताना हा कायदा पुष्कळदा आदर्श म्हणून दाखवला गेला. त्याच किनाऱ्याच्या जंगलात जानेवारी २०२० मध्ये आलाल या मायांग्ना गावावर हत्यारबंद टोळी चालून आली, माणसे मारली, घरे जाळली. ऑगस्ट २०२१ मध्ये किवाकुंबाय टेकडीवर किमान नऊ जणांचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी मूळ भांडण एकच होते: ही जमीन कुणाची?

कायद्याने उत्तर दिलेले असताना हा प्रश्न पुन्हा बंदुकीने का विचारला जातो, याचा विचार व्हायला हवा. माझे मत स्पष्ट आहे. स्वायत्तता म्हणजे परिषदेची इमारत, सभापतीची खुर्ची आणि स्थानिक भाषेतले शाळेचे पुस्तक एवढेच नव्हे. आपल्या जमिनीवर कोण येईल हे ठरवण्याचा आणि आलेल्या घुसखोराला कायद्याने बाहेर काढण्याचा अधिकार ज्या स्वायत्ततेत नाही, ती टिकत नाही. निकाराग्वाच्या किनाऱ्याला दीडशे वर्षांत तीनदा असे वचन मिळाले आणि तिन्ही वेळा ते पोखरले गेले.

हा किनारा उर्वरित देशापासून इतका वेगळा का, हे भूगोलाशिवाय कळत नाही. निकाराग्वाचा पश्चिम भाग पॅसिफिक महासागराकडे तोंड करून आहे. तिथे ज्वालामुखींची रांग, सुपीक राखमाती, दोन मोठी सरोवरे. स्पॅनिशांनी १५२४ मध्ये ग्रानादा आणि लेओन ही शहरे तिथेच वसवली आणि राजधानी मानाग्वाही तिथलीच. मध्ये डोंगराळ पट्टा. तो ओलांडला की जमीन पूर्वेकडे हळूहळू उतरत जाते आणि देशातल्या बहुतेक मोठ्या नद्या तिकडेच वाहतात: उत्तरेला होंडुरासच्या हद्दीवरची रिओ कोको, जिला मिस्किटो लोक वांग्की म्हणतात, मग प्रिन्सापोल्का, रिओ ग्रांदे, एस्कोंदिदो. किनाऱ्याला पोचल्यावर या नद्या खाजणांत पसरतात. मोत्याचे खाजण आणि ब्लूफील्ड्सचे खाजण ही त्यांतली मोठी. कोकणातला पाऊस चार महिन्यांत उरकतो. इथे फेब्रुवारी ते एप्रिल सोडले तर वर्षभर कोसळतो आणि दक्षिण टोकाला तो वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर जातो. उत्तरेला मात्र दृश्य अगदी निराळे. गवताळ सपाट माळ आणि त्यावर विरळ उभे कॅरिबियन पाइन. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ पाइनचे माळ पाहायला मिळावेत याचे नवल वाटते. ही या झाडाची नैसर्गिक दक्षिण सीमा आहे.

घनदाट पावसाळी जंगल पाहून जमीन सुपीक असेल असा समज होतो. पण सगळे सत्त्व झाडांत आणि वरच्या पाचोळ्यात असते. जंगल तोडून पेटवले की दोन-तीन वर्षे मका-घेवडा येतो, मग गवतच उगवते आणि गवतावर गुरे येतात. पुढच्या साऱ्या संघर्षाचे बीज या मातीत आहे. जंगल उभे ठेवून नदी, खाजण आणि फिरती शेती यांवर जगणारा समाज आणि जंगल पाडून कुरण करणारा समाज यांची एकाच जमिनीकडून असलेली अपेक्षाच वेगळी.

दोन स्वायत्त प्रदेश मिळून देशाची जवळजवळ निम्मी जमीन व्यापतात. लोकसंख्या मात्र सुमारे सातवा हिस्सा. दक्षिणेची राजधानी ब्लूफील्ड्स. पश्चिमेकडून येणारा पक्का रस्ता तिथे २०१९ मध्ये पोचला. तोपर्यंत एल रामा गावापर्यंत गाडीने यायचे आणि तिथून एस्कोंदिदो नदीतून होडीने पुढे, हाच मार्ग. शतकानुशतके ब्लूफील्ड्सच्या माणसाला जमैका जवळ आणि मानाग्वा दूर वाटत आले. बोली इंग्रजी वळणाची, चर्च मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाचे, भात-घेवडा नारळाच्या दुधात शिजवलेला आणि मे महिन्यात रंगीत फितींच्या खांबाभोवती नाच. पश्चिमेकडचा स्पॅनिशभाषक कॅथलिक निकाराग्वा या किनाऱ्याकडे परक्या नजरेने पाहत आला, हे या वेगळेपणाचे दुखरे अंग.

इतिहासही तितकाच वेगळा. कोलंबस १५०२ मध्ये या किनाऱ्यावरून गेला, पण स्पेनला इथे पाय रोवता आले नाहीत. सतराव्या शतकात इंग्रज व्यापारी आणि चाचे आले. त्यांनी मिस्किटोंशी मैत्री केली, बंदुका दिल्या. आफ्रिकेतून आणलेले, जहाज फुटून किनाऱ्याला लागलेले गुलामही याच समाजात मिसळले. १६८७ मध्ये जमैकात इंग्रजांनी एका मिस्किटो प्रमुखाला ‘राजा पहिला जेरेमी’ म्हणून मान्यता दिली. पुढची दोनशे वर्षे ही राजपरंपरा कोणत्या ना कोणत्या रूपात चालली. तिला सुवर्णयुग म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. इंग्रजी बंदुकांच्या जोरावर मिस्किटो टोळ्यांनी शेजारच्या मायांग्ना आणि इतर समाजांवर धाडी घातल्या, माणसे पकडून गुलाम म्हणून विकली. आजही मायांग्नांच्या मनात त्या आठवणी आहेत आणि स्वायत्ततेच्या राजकारणात मिस्किटोंचाच वरचष्मा राहील ही भीती त्यातूनच आली. ब्रिटनचे या किनाऱ्यावरचे प्रेमही निर्मळ नव्हते. त्याला हवी होती महोगनी, आणि एकोणिसाव्या शतकात दोन महासागरांना जोडणाऱ्या कालव्याचे पूर्वेकडचे तोंड. १८४८ मध्ये सान हुआन देल नोर्ते बंदर ताब्यात घेऊन त्याचे ग्रेटाउन असे नाव ठेवले ते यासाठीच.

पहिले वचन १८६० चे. मानाग्वाच्या तहात ब्रिटनने किनाऱ्यावरचे निकाराग्वाचे सार्वभौमत्व मान्य केले आणि बदल्यात निकाराग्वाने मिस्किटोंसाठी राखीव प्रदेश व तिथले स्वशासन मान्य केले. त्या तहाचा अर्थ काय यावर लगेच वाद सुरू झाला आणि तो लवादासाठी ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्स जोसेफ याच्याकडे गेला. १८८१ च्या त्याच्या निवाड्याकडे आजच्या वाचकाने नीट पाहावे. सार्वभौमत्व निकाराग्वाचे, पण राखीव प्रदेशातल्या नैसर्गिक संपत्तीचे ठेके देण्याचा अधिकार त्याला नाही. तिथल्या व्यापाराचे नियमन करण्याचा आणि जकात बसवण्याचा अधिकारही नाही. व्हिएन्नातल्या सल्लागारांना या किनाऱ्याची फारशी माहिती असण्याचे कारण नव्हते, तरी त्यांना मर्म कळले होते: सार्वभौमत्वाचा झेंडा एकाचा आणि जंगल-जमीन-जकात दुसऱ्याची, अशी वाटणी शक्य आहे आणि या वाटणीलाच स्वशासन म्हणायचे.

ही वाटणी तेरा वर्षे टिकली. त्या काळात ब्लूफील्ड्समध्ये केळीचा व्यापार भरभराटीला आला, अमेरिकी कंपन्या आल्या, बंदरात पैसा खेळू लागला. मानाग्वात होसे सांतोस सेलाया सत्तेवर आला. फेब्रुवारी १८९४ मध्ये जनरल रिगोबेर्तो काबेसासच्या सैन्याने ब्लूफील्ड्स घेतले. जुलैत लोकांनी उठाव केला, तो मोडला गेला. शेवटचा प्रमुख रॉबर्ट हेन्री क्लॅरेन्स जमैकात निर्वासित झाला आणि परत आला नाही. नोव्हेंबरात मिस्किटो प्रतिनिधींच्या सह्यांचा एक करार निघाला आणि त्यात दुसरे वचन आले: या किनाऱ्याचे उत्पन्न किनाऱ्यासाठीच खर्च होईल. ते कधी पाळले गेले नाही. किनाऱ्याला सेलायाचे नाव देण्यात आले, बिल्वी बंदराला काबेसासचे. जिंकणाऱ्याचे नाव जिंकलेल्यांच्या गावाला द्यायचे आणि पुन्हा त्यांनी स्वतःला देशाचे समान नागरिक समजावे अशी अपेक्षा करायची, यात केवढा अपमान आहे हे मानाग्वातल्या कोणत्याही पक्षाला फार काळ उमगले नाही. १९०५ मध्ये ब्रिटनने हॅरिसन-आल्तामिरानो करार करून अंग काढून घेतले. मिस्किटो आणि क्रिओल लोकांना पन्नास वर्षे करमाफी आणि कुटुंबागणिक जमिनीचा तुकडा, एवढ्यावर प्रकरण मिटवले.

नंतरची सत्तर-पंच्याहत्तर वर्षे थोडक्यात सांगता येतील. केळी, महोगनी, पाइनचे लाकूड, सिउना-रोसिता-बोनान्सा या त्रिकोणातले सोने: कंपन्या आल्या, माल नेला, माल संपला की गेल्या. देशावर हुकूमशाही गाजवणाऱ्या सोमोझा घराण्याने किनाऱ्याला छळले कमी आणि विसरले जास्त. एक गोष्ट मात्र त्या काळात घडली आणि तिचे परिणाम आज दिसताहेत. पश्चिमेकडे कापसाच्या मोठमोठ्या मळ्यांनी छोट्या शेतकऱ्यांना हुसकून लावले तेव्हा जमिनीच्या फेरवाटपाचा प्रश्न टाळण्यासाठी सरकारने त्यांना पूर्वेकडच्या जंगलाची वाट दाखवली. नुएव्हा गिनेआच्या परिसरातल्या वसाहत योजनेला नाव दिले होते तेही रिगोबेर्तो काबेसासचेच. श्रीमंताची जमीन वाटायची नसली की आदिवासींचे जंगल ‘पडीक’ ठरवायचे, हे धोरण तिथे रुजले आणि पुढे आलेल्या प्रत्येक सरकारने चालवले. क्रांतिकारक, उदारमतवादी, पुन्हा क्रांतिकारक, सगळ्यांनी.

सोमोझांची सत्ता उलथणारी १९७९ ची डावी सांदिनिस्ता क्रांती भारतातल्या पुरोगाम्यांना जवळची वाटली होती. दानिएल ओर्तेगा १९८३ मध्ये दिल्लीच्या अलिप्त राष्ट्र परिषदेला आले तेव्हा अमेरिकेला टक्कर देणाऱ्या चिमुकल्या देशाचे नेते म्हणून त्यांच्याकडे पाहिले गेले. ती सहानुभूती चुकीची नव्हती. रेगन सरकारने त्या देशावर भाडोत्री युद्ध लादले होते. पण त्याच क्रांतीने किनाऱ्यावर काय केले हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे. १९८० ची साक्षरता मोहीम आधी फक्त स्पॅनिशमध्ये आली. मिस्किटो, मायांग्नांची सुमो आणि इंग्रजी यांसाठी लोकांना मागणी करावी लागली. १९८१ मध्ये ‘मिसुरासाता’ या आदिवासी संघटनेच्या नेत्यांना अटक झाली, गोळीबार झाला. जानेवारी १९८२ मध्ये सैन्याने रिओ कोकोच्या काठची गावे रिकामी केली, घरे जाळली, फळझाडे तोडली, गुरे मारली आणि सुमारे साडेआठ हजार लोकांना आत तास्बा प्री नावाच्या छावणी-वसाहतींत नेले. दहा हजारांच्या आसपास माणसे नदी ओलांडून होंडुरासला पळाली. अनेक तरुणांनी बंदुका उचलल्या आणि त्या बंदुका अमेरिकेने पुरवल्या. अमेरिकेने या दुःखाचा वापर करून घेतला हे खरे. पण दुःख अमेरिकेने निर्माण केले नव्हते. साम्राज्यवादाला विरोध करणाऱ्या सत्तेकडूनही अंतर्गत वसाहतवाद होऊ शकतो, हे ओळखायला डाव्या विचाराच्या माणसाने कचरू नये. मी कचरत नाही.

सांदिनिस्तांचे श्रेय असे की त्यांनी चूक ओळखली आणि युद्ध चालू असतानाच मार्ग बदलला. १९८४ च्या अखेरीपासून बोलणी सुरू झाली, १९८५ मध्ये लोकांना नदीकाठी परतू दिले, गावोगावी मसुद्यावर चर्चा झाल्या आणि सप्टेंबर १९८७ मध्ये कायदा क्रमांक २८, म्हणजे स्वायत्ततेचा कायदा मंजूर झाला. हे तिसरे वचन. उत्तर आणि दक्षिण असे दोन स्वायत्त प्रदेश, प्रत्येकी ४५ निर्वाचित सदस्यांची परिषद, प्रत्येक समाजाला स्थान, सामूहिक जमीन विकता-गहाण ठेवता येणार नाही अशी हमी. जो शस्त्रबळाने मोडला नाही तो प्रदेश स्वायत्ततेच्या वचनाने शांत झाला. स्वायत्तता दिली की देश फुटतो असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम पाहावा. आपल्याकडे हा आक्षेप फार लवकर जिभेवर येतो. निकाराग्वात देश फुटायची वेळ आली ती स्वायत्तता नाकारल्यामुळे आणि लढणारे गावी परतले ते तिचा शब्द मिळाल्यावर.

पण कायद्याचे नियम बनायला सोळा वर्षे लागली. १९९० मध्ये मानाग्वात सत्ता बदलली आणि नव्या सरकारला हा कायदा विरोधकांचे ओझे वाटला. परिषदा निवडून येत राहिल्या, पण त्यांच्याकडे ना स्वतःचा पैसा होता ना निर्णय अंमलात आणायची यंत्रणा. या पोकळीत आवास तिंग्नीचे प्रकरण घडले. १९९६ मध्ये केंद्र सरकारने या मायांग्ना गावाच्या जंगलातल्या सुमारे ६२ हजार हेक्टरांवर लाकूडतोडीचा ठेका कोरियन भांडवलाच्या एका कंपनीला देऊन टाकला. गावाला विचारले नाही, प्रादेशिक परिषदेचीही रीतसर संमती नव्हती. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने परिषदेच्या संमतीअभावी ठेका घटनाबाह्य ठरवला. तेव्हा परिषदेने मागाहून संमती देऊन टाकली! स्वायत्त परिषद म्हणजे गाव नव्हे, हे तिथे उघडे पडले. गाव आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात गेले आणि ३१ ऑगस्ट २००१ रोजी निकाल लागला: मालमत्तेच्या हक्कात आदिवासींच्या सामूहिक, परंपरागत जमिनीचा हक्कही येतो, सरकारने हद्दी आखून पट्टा द्यावा. जगभरातल्या आदिवासींच्या खटल्यांत आज या निकालाचा दाखला दिला जातो. प्रत्यक्ष पट्टा हातात यायला मात्र डिसेंबर २००८ उजाडला.

त्या निकालाच्या दबावातून कायदा क्रमांक ४४५ आला, जानेवारी २००३ मध्ये. चांगल्या माणसांनी विचारपूर्वक लिहिलेला कायदा आहे तो. त्यात पाच टप्पे आहेत: अर्ज, शेजारच्या गावांशी वाद मिटवणे, हद्द आखणी, पट्टा आणि पाचवा ‘सानेआमिएन्तो’, म्हणजे पट्ट्याच्या जमिनीत बेकायदा बसलेल्यांचा निकाल लावून ती मोकळी करणे. जंगल, खाणी आणि मासेमारी यांतून येणाऱ्या कराची वाटणीही त्यात आहे: गावसमाज, नगरपालिका, प्रादेशिक परिषद आणि केंद्र यांना प्रत्येकी २५ टक्के. २००७ नंतर पुन्हा सत्तेवर आलेल्या ओर्तेगा सरकारने चार टप्पे झपाट्याने पार पाडले. पट्टे वाटले, समारंभ झाले, जगाने कौतुक केले. पाचवा टप्पा आजतागायत कुठेही पूर्णत्वाला गेलेला नाही.

माझ्या मते सगळा प्रश्न इथे एकवटला आहे. पट्टा देणे सरकारला स्वस्त पडते. त्यात कुणाचे मत जात नाही. पाचवा टप्पा महाग आहे, कारण त्यात घुसखोराला उठवावे लागते, आणि घुसखोर मतदार असतो, त्याच्या मागे जमिनीचा दलाल असतो, दलालाच्या मागे लाकूडवाला, गुरांचा व्यापारी, सोन्याचा ठेकेदार. पहिले चार टप्पे पार पाडून पाचवा टाळला की गावाचे दुहेरी नुकसान होते. जमीन हातून जात असते, आणि तक्रार केली तर उत्तर मिळते, ‘तुम्हाला पट्टा दिला आहे ना?’

हे कोलोनो, म्हणजे पश्चिमेकडून येणारे वसाहतवाले, सगळे खलनायक आहेत असे मी म्हणत नाही. पुष्कळसे स्वतःच भूमिहीन, कापूस आणि कॉफीच्या मळ्यांतून बाहेर फेकलेले. १९९० नंतर युद्धातल्या दोन्ही बाजूंच्या सैनिकांना जमिनीचे आश्वासन मिळाले आणि त्यांतले कित्येक याच सरहद्दीवर येऊन ठेपले. ते झाडे पाडतात, दोन पिके घेतात, तुकडा विकून आणखी आत जातात. मागे मोठी कुरणे तयार होतात आणि तिथले मांस निर्यात होते. न्याय करायचा तर यांनाही देशाच्या पश्चिमेकडे जमीन मिळाली पाहिजे. पण त्यांच्यावरच्या अन्यायाची भरपाई मायांग्नांच्या जंगलातून करायची हा कुठला हिशोब? गरिबाला गरिबाच्या अंगावर सोडून मोकळे व्हायचे, ही सोमोझांच्या काळची युक्ती आहे आणि पोलीस-सैन्य हाताशी असलेले आजचे सरकार तीच वापरते. या सरकारला इच्छा असेल तेव्हा रस्ता अडवता येतो, माणूस पकडता येतो, हे २०१८ च्या सरकारविरोधी आंदोलनानंतर साऱ्या देशाने अनुभवले आहे. उत्तरेकडच्या बोसावास या राखीव जंगलात शिरणारा हत्यारबंद माणूस तेवढा दिसत नाही, हे पटण्यासारखे नाही.

या लोंढ्याचा दुसरा परिणाम मतपेटीतून दिसतो. स्पॅनिशभाषक मेस्तिसो, म्हणजे मिश्र वंशाचे लोक आता दोन्ही प्रदेशांत बहुसंख्य झाले आहेत. ज्यांच्यासाठी परिषदा जन्मल्या ते समाज आपल्याच परिषदेत अल्पमतात गेले. उरलेसुरले काम निवडणूक कायद्याने केले. आदिवासींचा ‘यातामा’ हा पक्ष २००० च्या नगरपालिका निवडणुकांतून तांत्रिक कारणांनी बाद झाला. गावसभेच्या रीतीने चालणाऱ्या लोकांवर राजधानीतल्या पक्षांच्या साच्यातले नियम लादले गेले होते. २००५ मध्ये आंतर-अमेरिकी न्यायालयाने पुन्हा आदिवासींच्या बाजूने निकाल दिला. कायदा बदलला नाही. २९ सप्टेंबर २०२३ रोजी यातामाचे ज्येष्ठ नेते आणि खासदार ब्रुकलिन रिव्हेरा यांना बिल्वीत ताब्यात घेतले. हेच रिव्हेरा ऐंशीच्या दशकात सरकारशी लढले आणि मग त्याच सरकारशी बोलणी केली. ते कुठे आहेत हे सरकारने घरच्यांना दीर्घकाळ सांगितले नाही. पाठोपाठ यातामाची मान्यताच रद्द झाली. मार्च २०२४ च्या प्रादेशिक निवडणुकीत आदिवासींचा म्हणावा असा पक्ष उरलाच नव्हता. अशा निवडणुकीतून आलेल्या परिषदेला स्वायत्त म्हणणे मला जमत नाही.

ठेक्यांची गोष्टही थांबलेली नाही. जून २०१३ मध्ये संसदेने कायदा क्रमांक ८४० मंजूर करून आंतरमहासागरी कालव्याची सवलत हाँगकाँगच्या एका कंपनीला दिली: पन्नास वर्षे, आणखी पन्नास वाढवता येतील अशी. २७८ किलोमीटरच्या नियोजित मार्गाचा पूर्वेकडचा भाग रामा आणि क्रिओल लोकांच्या पट्ट्यातून जात होता. २०१६ मध्ये त्या प्रदेशाच्या अध्यक्षाची ‘संमती’ घेण्यात आली. गावांचे म्हणणे होते की आम्हाला विचारलेच नाही. रामा लोक जेमतेम दोन-अडीच हजार. त्यांची भाषा सहज बोलणारी माणसे हाताच्या बोटांवर उरली असताना नोरा रिग्बी या वृद्ध बाईंनी भाषाशास्त्रज्ञांच्या सोबतीने ती शब्दाशब्दाने जपली होती. अशा समाजाच्या गावांतून शतकभराचा कालवा काढायचा निर्णय संसदेने काही दिवसांत उरकला. कालवा झाला नाही आणि मे २०२४ मध्ये सवलत रद्द झाली, पण त्यामागे गावांच्या हक्कांचा विचार नव्हता. दरम्यान सोने देशाच्या निर्यातीत अग्रस्थानी आले आणि २०२३ पासून चिनी कंपन्यांना खाणींचे नवे ठेके मिळू लागले. १८८१ च्या निवाड्यातले ठेक्यांबद्दलचे वाक्य आज कुणी उच्चारत नाही. त्याची गरज मात्र आजच आहे.

निसर्गही या लोकांना उसंत देत नाही. ऑक्टोबर १९८८ मध्ये ‘जोन’ वादळाने ब्लूफील्ड्स जवळजवळ भुईसपाट केले, सप्टेंबर २००७ मध्ये ‘फेलिक्स’ उत्तरेला आदळले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने ‘एटा’ आणि ‘आयोटा’ बिल्वीच्या दक्षिणेला जवळजवळ एकाच जागी येऊन धडकली. जंगल पडले की त्याच वाटेने लाकूडतोडे आणि मागोमाग कुरणवाले आत शिरतात. हातात दुसरे काम नसल्याने मिस्किटो तरुण शेवंडीसाठी समुद्रात खोल बुड्या मारतात. जुनाट टाक्या, अपुरी विश्रांती, त्यातून अर्धांग होऊन आयुष्यभर अंथरुणाला खिळलेली माणसे गावोगावी आहेत. परिषदेकडे कराचा पैसा आणि नियमनाचा अधिकार खरोखर असता, तर हा धंदा इतका निर्दय राहू शकला नसता असे मला वाटते.

‘शंभर-दोनशे गावांसाठी देशाचा विकास किती दिवस अडवायचा?’ असा प्रश्न मानाग्वात विचारला जातो. इतर राजधान्यांतही विचारला जातो. त्याचा प्रामाणिक विचार करायला मी तयार आहे. रस्ता हवा, दवाखाना हवा, वीज हवी, हे किनाऱ्यावरची माणसेही म्हणतात. ब्लूफील्ड्सला रस्ता आला त्याचा आनंद क्रिओलांनाही झाला. पण रस्ता कुणाच्या संमतीने, त्यावरून काय जाणार आणि त्याच्या कडेची जमीन कुणाच्या नावाने राहणार, हे ठरवण्याचा हक्क म्हणजे विकासाला विरोध नव्हे. आदिवासींच्या ताब्यातली जंगले आसपासच्या जंगलांपेक्षा अधिक टिकलेली आहेत. बोसावासचे जंगल तोडून केलेले कुरण दहा-पंधरा वर्षांत निकृष्ट होते. तो विकास म्हणायचा तर त्याचे आयुष्यही तेवढेच.

बाहेरून काही करता येते का? येते, आणि त्याचे अगदी अलीकडचे उदाहरण आहे. हरित हवामान निधीने २०२० मध्ये याच किनाऱ्यावरच्या जंगलांसाठी अकरा कोटी डॉलरांहून अधिक खर्चाचा एक प्रकल्प मंजूर केला होता. पैसा निकाराग्वा सरकारमार्फत येणार होता. ज्यांच्या नावाने तो येत होता त्या गावांनी निधीच्या तक्रार यंत्रणेकडे कळवले: आम्हाला विचारलेले नाही, घुसखोरी थांबलेली नाही, उलट या पैशाने ती वाढेल. चौकशी झाली आणि मार्च २०२४ मध्ये निधीने प्रकल्पातून माघार घेतली. नदीकाठच्या गावांचे म्हणणे जागतिक संस्थेने ऐकले आणि हात आखडता घेतला, हे सहसा घडत नाही. हाच निकष निकाराग्वाचे मांस आणि सोने विकत घेणाऱ्या देशांनी लावावा. माल कुठल्या जमिनीतून आला याचा दाखला मागावा आणि ती जमीन पट्ट्यातली असेल तर गावसभेचा ठराव मागावा. कर्ज देणाऱ्या बँकांनी एकच अट घालावी: पाचव्या टप्प्याचे वेळापत्रक द्या. कोणत्या प्रदेशात, किती बेकायदा वसाहती, त्यांतल्या भूमिहीनांची पर्यायी जमीन कुठे, कुठल्या तारखेपर्यंत. आणि त्याआधी पकडलेल्या नेत्यांची सुटका आणि यातामाची मान्यता परत. पट्टे तर छापून झालेच आहेत. नकाशेही तयार आहेत, नोंदणी कार्यालयात.